प्रेम कमी पडले म्हणून आजार होत नाही

जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही इंग्रजी कादंबरी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१६ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शांता गोखले यांनी ‘एम आणि हूमराव’ या नावाने तिचा मराठी अनुवाद केला आहे. माहीममधल्या एका लहान फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चौघांच्या गोवन ख्रिस्ती कुटुंबाची ही कथा. आई इमेल्डा, म्हणजे एम. वडील ऑगस्टिन, म्हणजे बिग हूम. मुलगी सुझन, आणि कथा सांगणारा मुलगा, ज्याचे नाव कादंबरीत येत नाही. एमच्या आजाराला आज बायपोलर विकार म्हणतात. काही दिवस ती अखंड बोलते, हसवते, झोपेशिवाय राहते. मग एकाएकी कोसळते आणि मरणाशिवाय काही मागत नाही. जीव देण्याचे तिचे प्रयत्न एकापेक्षा अधिक वेळा होतात.

मानसिक आजार आणि एकटेपणा यांवरील कादंबऱ्यांचा एक अर्थ मराठी वाचकांत रुळला आहे. वाचनकट्ट्यांवरच्या चर्चेत तो ऐकू येतो, परीक्षणांत वाचायला मिळतो आणि नातेवाइकांच्या सल्ल्यात तर हमखास असतो. माणूस एकटा पडला की मनाने आजारी होतो, घरच्यांनी जीव लावला, वेळ दिला, चार माणसांत नेले की सावरतो, असा तो अर्थ. ‘पूर्वी एकत्र कुटुंबे होती, तेव्हा असले आजार नव्हते’ हे त्याच्याच पुढचे वाक्य. अशा वाचकाच्या मते ही कादंबरी कुटुंबाच्या प्रेमाचा विजय दाखवते. हे मत चांगल्या मनाने मांडलेले असते, पण ते चुकीचे आहे. शिवाय ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घरावर ते मोठा अन्याय करते, म्हणून ते खोडून काढणे आवश्यक आहे.

पहिला पुरावा कादंबरीच देते. एम एकटी नाही. घर इतके लहान आहे की एकटे राहायचे म्हटले तरी जागा मिळू नये. नवरा तिच्यावर अबोल, न थकणारे प्रेम करतो. मुले तिच्या बिड्यांच्या धुरात आणि चहाच्या कपांच्या गराड्यात बसून तिची बडबड ऐकतात, तिला उलट उत्तरे देतात, तिच्याबरोबर हसतात. कादंबरीच्या सुरुवातीला हे कुटुंब जे. जे. रुग्णालयाच्या मनोविकार वॉर्डात एमच्या खाटेभोवती जमलेले दिसते आणि गप्पा चालल्या आहेत त्या तिच्या आणि ऑगस्टिनच्या प्रेमाच्या दिवसांच्या. प्रेम, वेळ, सहवास, संवाद: सल्ला देणारे जे जे मागतात ते सगळे या घरात रोज आहे. तरीही आजार जात नाही. आईवरचे प्रेम तिच्या वेडापुढे अपुरे पडते, हे निवेदक स्वतःच स्पष्टपणे मान्य करतो. हा कबुलीजबाब कादंबरीच्या मध्यभागी आहे. त्याकडे डोळेझाक करून तिला ‘प्रेमाची गाथा’ ठरवणे म्हणजे तिची निम्मी पाने न वाचणे.

एम स्वतः आजाराची सुरुवात मुलाच्या जन्माशी जोडते. मुलाला हे ऐकून काय वाटत असेल, हा कादंबरीतला सर्वांत वेदनादायक प्रश्न आहे, पण वैद्यकीयदृष्ट्या एमचे म्हणणे खोटे नाही. बाळंतपणानंतरचे काही आठवडे हा बायपोलर विकार उफाळण्याचा ओळखीचा काळ आहे. दर हजार बाळंतपणांमागे साधारण एक-दोन स्त्रियांना बाळंतपणानंतर तीव्र मनोविकाराचा झटका येतो आणि त्यांतल्या अनेकींना पुढे बायपोलर विकाराचे निदान होते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या विकारातला आनुवंशिक वाटा साधारण ६० ते ८५ टक्के दिसून आला आहे. आईबापांना असला की मुलांना होणारच, असा याचा अर्थ होत नाही. पण निवेदकाला आयुष्यभर पुरणारी भीती, आपल्यातही हे कधी उगवेल का ही, निराधार नाही. पोटी आलेले मूल, बाळंतिणीच्या शरीरातले बदल आणि रक्तातून आलेली प्रवृत्ती ही कारणे ज्या आजारामागे आहेत, त्याला ‘घरात बोलणारे कुणी नव्हते’ हे उत्तर लागू पडत नाही.

एकटेपणाचा मनाच्या आजाराशी काहीच संबंध नाही, असे मात्र म्हणता येणार नाही, आणि विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम आधार इथेच आहे. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. मोठा आघात झाल्यावर ज्या स्त्रियांना मन मोकळे करायला जवळचे माणूस नव्हते, त्यांना नैराश्य येण्याचा धोका अधिक होता, असे त्यांना दिसले. नैराश्याच्या पुष्कळ प्रकारांत हे खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक जवळिकीवर आयोग नेमला, त्यालाही कारणे आहेत. चूक होते ती पुढच्या पायरीवर. नैराश्याबद्दल, आणि तेही धोका वाढण्या-कमी होण्याबद्दल, खरे असलेले विधान सगळ्या मानसिक आजारांच्या मुळाशी नेऊन ठेवले जाते. मधुमेहाला बैठी सवय हातभार लावते हे खरे, म्हणून इन्सुलिनच न बनवणाऱ्या मुलाला कुणी ‘जरा खेळ, बरा होशील’ असे सांगत नाही. मनाच्या आजारांत मात्र हा फरक कुणी करत नाही, आणि स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार, शोकाने आलेली उदासी, परीक्षेचा ताण हे सारे एकाच पोत्यात भरले जाते.

एकत्र कुटुंबाचा मुद्दा अधिक सावधपणे तपासावा लागतो, कारण त्याच्यामागे आकडेही उभे केले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला. भारतातले केंद्र आग्र्याला होते. विकसनशील देशांतले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा अधिक चांगले सावरतात, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष निघाला आणि तो लगेच भारतीय कुटुंबाचे प्रशस्तिपत्र म्हणून मिरवला गेला. पुढे या निष्कर्षाची कसून फेरतपासणी झाली. मोजक्या केंद्रांवरून एवढे मोठे विधान करता येत नाही, विकसनशील देशांतही रुग्णांचे भवितव्य एकसारखे नाही आणि दुर्लक्षित राहिलेल्या, मेलेल्या, बेपत्ता झालेल्या रुग्णांचा हिशेब नीट लागत नाही, असे आक्षेप २००८ मध्ये विक्रम पटेल, आर. तारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. भारतीय कुटुंबाची स्तुती करणारे लेख हे आक्षेप सहसा विचारात घेत नाहीत.

त्याहून महत्त्वाचे संशोधन कुटुंबाच्या आतले आहे. ब्राऊन यांनीच १९५० च्या दशकात लंडनच्या रुग्णालयांतून घरी सोडलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा मागोवा घेतला. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण पुन्हा अधिक प्रमाणात आजारी पडत होते. भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेल्यांचे तुलनेने बरे चालले होते. या अनपेक्षित निरीक्षणातून पुढे कुटुंबातल्या वातावरणाचा दीर्घ अभ्यास झाला. सतत टोचून बोलणे आणि राग यांच्याबरोबरच अति काळजी, क्षणभरही दृष्टीआड न होऊ देणे, रुग्णाच्या प्रत्येक श्वासावर नजर ठेवणे यांनीही आजार उलटण्याचा धोका वाढतो, असे त्यातून दिसले. चंडीगढमधल्या कुटुंबांत असे वातावरण लंडनपेक्षा कमी आढळले, आणि ही भारतीय घरांच्या बाजूने खरी जमेची गोष्ट आहे. तिच्यातून सिद्ध काय होते ते मात्र नीट पाहावे. रुग्णाला जाच कमी असेल आणि त्याला त्याच्या गतीने जगू दिले तर तो अधिक दिवस बरा राहतो, एवढेच. औषधांशिवाय प्रेमाने आजार बरा होतो, असे या अभ्यासात कुठेही नाही.

भारतीय घराचे कौतुक करताना आणखी एक घटना समोर ठेवावी लागते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला पहाटे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. यातली बहुतेक माणसे त्यांच्याच घरच्यांनी, ‘बाहेरची बाधा’ उतरेल या आशेने, तिथे आणून सोडलेली होती. ती घरे दुष्ट होती असे म्हणायचे कारण नाही. जवळ दवाखाना नव्हता, औषधांविषयी कुणी सांगितले नव्हते, सांभाळायची ताकद संपली होती. पण प्रेम असलेले घर आपोआप उपचार करते, या समजाला एरवाडीच्या राखेनंतर जागा उरू नये.

प्रेमाच्या अभावाला कारण ठरवले की दोषी शोधावा लागतो आणि तो बहुतेक वेळा आईच असते. १९४८ मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी स्किझोफ्रेनिया निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली. पुढच्या दोन दशकांत हजारो आयांना मुलाच्या आजाराची जबाबदारी डोक्यावर घेऊन फिरावे लागले. स्वमग्न मुलांच्या आयांनाही असेच ‘थंड’ ठरवले गेले. संशोधनाने या कल्पना केव्हाच फेकून दिल्या, पण मराठी घरांत त्या वेगळ्या कपड्यांत वावरतात. ‘नोकरी करत होती ना, मुलाकडे लक्ष नव्हते’, ‘माहेरी लाड झाले’, ‘नवऱ्याने समजून घेतले नाही’: ही वाक्ये रुग्णाच्या घरी भेटायला आलेला प्रत्येक तिसरा माणूस बोलून जातो. एकटेपणाने आजार होतो असे म्हणणारा वाचक नकळत याच रांगेत येऊन उभा राहतो, कारण एकटेपणाचे उत्तर जर माणसे असतील तर ती माणसे कमी कुणी पडू दिली, हा प्रश्न लगेच उठतो.

याच समजाची सगळ्यात क्रूर परिणती म्हणजे लग्न हा उपचार मानणे. ‘लग्न करून द्या, सगळे ठीक होईल’ हा सल्ला आजही खेड्यांत आणि शहरांत सारख्याच सहजपणे दिला जातो. आजार लपवून मुलीचे लग्न लावले जाते. नव्या घरी जागरणे, ताण, उपास, बाळंतपण यांत औषधे सुटतात आणि आजार उसळतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार विशिष्ट स्वरूपाचा मानसिक विकार हा विवाह रद्द करण्याचे किंवा घटस्फोटाचे कारण होऊ शकतो. मग मुलगी माहेरी परत येते, आणि आता तिच्यावर आजाराबरोबर ‘टाकलेली’ हा शिक्काही असतो. एकटेपणा घालवायला केलेल्या उपायाने तिला असे एकटे पाडलेले असते की त्यावर दुसरा उपाय सापडत नाही.

मानसिक आजार आणि एकटेपणा यांचे खरे नाते इथेच दिसते. बहुतेक गंभीर आजारांत एकटेपणा आधी येत नाही, नंतर येतो, आणि तो एकट्या रुग्णाला येत नाही. एमच्या मुलांकडे मित्र सहजपणे येऊ शकत नाहीत, कारण आई कुठल्या अवस्थेत असेल हे दार उघडेपर्यंत माहीत नसते. ऑगस्टिनच्या घडीबंद आयुष्यात गप्पा मारायला, थकायला, आजारी पडायला वेळच नाही. चौघे एकमेकांच्या अंगाला अंग लावून राहतात आणि जगापासून मात्र दूर असतात. अशा घरी नातेवाईक ‘कसं काय’ विचारायला फोन करतात, पण मुक्कामाला येत नाहीत. लग्नाची आमंत्रणे येतात तीसुद्धा ‘जमलं तर या’ अशा सुरात. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांकडे पाहावे. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत केसपेपर आणि गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा. अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली. शेजारच्या बाईशी बोलणे सुरू होते ते ‘तुमचा कितव्या वर्षापासून?’ या प्रश्नाने, आणि मग दोघी तासभर थांबत नाहीत. घरी ज्यांना हे सांगता येत नाही, त्या इथे अनोळखी बाईला सगळे सांगतात.

हे एकटेपण कायद्यानेही वाढवले. एमच्या काळात आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ नुसार गुन्हा होता. म्हणजे मरणाच्या दारातून परत आणलेल्या आईबरोबरच पोलिसांचीही भीती घरात यायची, आणि घर दार लावून घ्यायचे. ते बदलायला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा यावा लागला. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षेऐवजी उपचार आणि पुनर्वसन द्यावे, असे कलम ११५ सांगते. मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा, अशी तरतूद याच कायद्यात आहे. या बदलांनी घरे जितकी मोकळी होतील तितकी ‘घरच्यांनी जरा बोलावे’ या सल्ल्याने होणार नाहीत.

मराठी वाचनाची एक जुनी सवयही या गैरसमजाला खतपाणी घालते. साठच्या दशकापासून मराठी साहित्यात एकटेपणाला मोठी प्रतिष्ठा मिळाली. १९६३ च्या ‘कोसला’ कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर घरापासून, कॉलेजपासून, सगळ्यांपासून तुटत जातो आणि त्या तुटलेपणातून एका पिढीने स्वतःला ओळखले. हे साहित्य मोलाचे आहे, पण पांडुरंग मनोरुग्ण नाही. त्याचे एकटेपण हा जगाबद्दलचा त्याचा निवाडा आहे. एमला असा निवाडा करायची सवलत नाही. तिच्या मनात जे चालते ते तिने निवडलेले नाही, आणि त्यातून तिला बाहेरही पडता येत नाही. एकाकी नायकांची सवय जडलेला वाचक एमकडेही त्याच नजरेने बघतो: संवेदनशील स्त्री, जी जगाला समजली नाही. मग तिचा विनोद, तिची बिनधास्त भाषा, तिची पत्रे आणि टिपणे यांच्या मोहात तो आजार विसरतो. पिंटो मात्र दर वेळी त्या मोहकपणानंतर तिला बसलेली खीळ दाखवतात. एम लोभस आहे, पण लोभसपणाने तिच्या दुःखाची भरपाई होत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने हा फरक मराठीत फार स्पष्टपणे दाखवला. स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाला सांभाळणारी बहीण त्याच्यावर जीव ओवाळते, आणि तेवढे पुरत नाही म्हणून त्याला डॉक्टरांकडे नेते. तिथे प्रेमाचे काम ठरलेले आहे: गोळ्या चुकू न देणे, आजार ओळखणे, माणसाला आणि आजाराला वेगळे ठेवणे. हे काम मोठे आहे आणि ते करणाऱ्यांना मान मिळालाच पाहिजे. त्याला औषधाची जागा दिली की मात्र दोन्ही बिघडतात. औषधांचाही इतिहास साधा नाही. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये लिथियम या औषधाचा उन्मादावरचा गुण नोंदवला, आणि एके काळी आयुष्यभर रुग्णालयात राहिली असती अशी कितीतरी माणसे आज त्याच्या आधाराने नोकऱ्या करत आहेत. ते सगळ्यांना लागू पडत नाही, त्यासाठी रक्ताची तपासणी करत राहावी लागते, काहींना अनेक औषधे बदलावी लागतात. पण भारतात अडचण औषध निकामी ठरण्याची नाही, ते पोहोचतच नसण्याची आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. या माणसांना घरे नाहीत असे नाही. बहुतेकांना घर आहे, माणसे आहेत आणि जीव लावणारेही कुणीतरी आहे.

कादंबरीत एम ऑगस्टिनच्या आधी जाते, त्यामुळे एक प्रश्न तिथे उभा राहत नाही. बाहेर मात्र तो प्रत्येक घरात आहे: ‘आमच्या पश्चात याचे कसे होणार?’ प्रेम हाच उपचार मानणाऱ्यांकडे याचे उत्तर नाही, कारण प्रेम करणारी माणसे म्हातारी होतात आणि मरतात. उत्तर २०१७ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे. कुटुंब नाही, कुटुंबाने नाकारले किंवा राहायला जागा नाही, एवढ्या कारणासाठी कुणालाही मनोरुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, आणि समाजात राहण्यासाठी लागणारी मध्यंतर निवासे (हाफवे होम), गटनिवासे, आधारसेवा सरकारने उभ्या केल्या पाहिजेत, असे ते कलम सांगते. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. घरी नेणारे कुणी नाही म्हणून तिथे अडकलेल्यांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याचा मार्ग राज्याने निवडला, तेव्हा जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायद्याविरुद्ध ठरवला. भिक्षेकरीगृह म्हणजे पुनर्वसन नव्हे, असे न्यायालयाला सांगावे लागले. जिल्ह्याजिल्ह्यांत मध्यंतर निवासे उभी करण्याचे काम अजून बरेच बाकी आहे.